पांढरी गाडी दुसऱ्यांदा

"गाडी माझ्याच दाराशी का थांबली, तेवढं सांग. बाकी मला काही ऐकायचं नाही."

सनिया अंगणाच्या मधोमध उभी होती. डोक्यावर मळलेल्या पिठाची परात होती, ती तिने अजून उतरवलीही नव्हती. आठवड्याचा भाकरीचा दिवस होता. लग्नं झाल्यापासून दोघी बहिणी एकाच भट्टीवर भाकरी भाजत आल्या होत्या. भट्टी थोरल्या इन्शिराहच्या अंगणात, जाळायला पेंढा धाकट्या सनियाच्या शेतातला.

इन्शिराहने भट्टीच्या तोंडात पेंढ्याची मूठ सारली. "परात तरी खाली ठेव. मान अवघडेल."

"माझ्या मानेची काळजी आता आली होय तुला? त्या दिवशी माझ्या दारात बसून काय म्हणाली होतीस? ‘बिल्हार्झियाच्या तपासणीचं रक्त आहे गं, दोन थेंब, सगळं गाव देतंय.’ म्हणाली होतीस की नाही?"

"म्हणाले होते."

"बिल्हार्झिया कुणाला नाही इथे? माझ्या बापाला होता, तुझ्या बापाला होता..."

"आपला बाप एकच होता, सनिया."

"थट्टा करू नकोस!" सनियाचा आवाज चिरकला. "कालव्याकाठच्या माणसाला बिल्हार्झिया म्हणजे पायाचा चिखल. गोळ्या गिळल्या असत्या नि विसरले असते. पण तुम्ही त्या रक्तात दुसरंच काहीतरी शोधत होता. काल तो डॉक्टर माझ्या ओसरीवर बसून मला सांगतो, बाई, तुमच्या यकृतात व्हायरस आहे. मला! आणि सगळी गल्ली दारं किलकिली करून बघतेय, पांढरी गाडी सनियाकडे परत का आली म्हणून."

ओट्यावर इन्शिराहची सासू तफीदा उद्याच्या हंडीसाठी वाल निवडत बसली होती. नजर अधू झाली होती, कान शाबूत होते. "डॉक्टर घरी आला की चहा द्यावा," ती म्हणाली. "गल्लीकडे कशाला बघायचं?"

"दिला की चहा, खाला. तो पेला मी कुठल्या पाण्याने विसळला, ते शेजारीण वरून वाकून बघत होती." सनियाने परत बहिणीकडे तोंड केलं. "आज सकाळी माझ्या पोरीच्या होणाऱ्या सासूचा, हाज्जा दौलतचा निरोप आला. लग्न कापूस निघेपर्यंत थांबवू म्हणते. गेल्या महिन्यात तिलाच घाई होती. पलंग आणून टाकला, आरशाचं कपाट आणलं. आता कापूस आठवला तिला!"

"थांबवू म्हणाली. मोडू म्हणाली नाही."

"ती कशाला मोडेल? तिच्या पोराने, तल्अतने मोडलं तर साखरपुड्यातलं शबक्याचं सोनं माझ्या रावयाकडे राहतं. आम्ही वाट बघून कंटाळलो, आम्ही मोडलं, की बांगड्या तिच्या हातात परत. मला लिहिता येत नाही, इन्शिराह, पण एवढं कळतं." तिने परात सावरली. भट्टी चांगली तापली होती, तिची धग दोघींच्या तोंडावर येत होती. "आणि एक सांग. तुझ्या दाराशी गाडी का नाही आली परत? तुमच्या घरातलं सगळ्यांचं रक्त अत्तराचं आहे वाटतं?"

इन्शिराहने पेंढ्याची आणखी एक मूठ उचलली, पण आत सारली नाही.

 सनिया वळली आणि कच्च्या पिठाची परात तशीच डोक्यावर घेऊन निघून गेली. कुणाच्या तरी दुसऱ्या भट्टीवर.

"अगं, भट्टी निवतेय," तफीदा म्हणाली. "तुझ्या तरी भाकऱ्या टाक."

इन्शिराहने टाकल्या. पहिली भाकरी आत चिकटली नि फाटली. असं तिच्या हातून वर्षानुवर्षांत झालं नव्हतं.

*

कफ्र-अल-सवाकी गावात इन्शिराहला सगळे रायदा म्हणत. आरोग्य केंद्राने नेमलेल्या गावातल्या बाईला तिकडे तेच नाव आहे. अर्थ, पुढे होणारी. आधी तिने पुढे व्हायचं, मग बाकीच्या बायका मागून येतात. पोरांना पोलिओचे थेंब, बाळंतिणीची चौकशी, नव्या सुनेला हळूच गोळ्यांचं पाकीट, ही तिची कामं. प्राथमिक शाळा पुरी केलेली तिच्या वयाची ती गावातली एकुलती बाई होती. गडद निळा झगा घालून, खांद्याला पिशवी अडकवून ती निघाली की कुठलं दार वाजवायचं आणि कुठलं न वाजवता ढकलायचं, हे तिच्या पायांना ठाऊक असायचं. मुलगा झाला नाही, एकटी करीमान. म्हणून तिला ऊम करीमान, करीमानची आई, म्हणताना काही जणी मुद्दाम ‘करीमान’वर जोर द्यायच्या. त्याच बायका पोराला ताप भरला की पहिल्यांदा तिच्याकडे धावत यायच्या. इन्शिराहला हे आवडायचं. नाही कशाला म्हणा.

त्या वर्षी हिवाळ्यात राजधानीहून तिघं आले. एक डॉक्टर वग्दी, यकृताचे. दुसरे लबीब, गुडघ्याएवढे रबरी बूट घालून कालव्यात उतरायचे आणि जाळीने गोगलगायी काढायचे. बिल्हार्झियाचा किडा आधी त्या गोगलगायीत वाढतो नि मग माणसाच्या कातडीतून आत शिरतो. धुणं धुणाऱ्या बायका त्यांना काठावरून ओरडून विचारायच्या, "बाश्मुहंदिस साहेब, बायको गोगलगायी कशात शिजवते, टोमॅटोत की लसणीत?" तिसऱ्या उस्ताझा नग्वा, म्हणजे नग्वाबाई. या काहीच तपासायच्या नाहीत. घरात जमिनीवर बसायच्या नि विचारायच्या: भांडी कुठे घासता, पोरं कुठे पोहतात, लहानपणी सुई कुणी टोचली, कितीदा टोचली, आजारी पडलं की आधी कुणाकडे जाता. तफीदा म्हणायची, "या बाईला नवरा नसणार. एवढे प्रश्न विचारल्यावर कुठला पुरुष टिकतो?"

तिघांना एकच गोष्ट हवी होती. कालव्यातला किडा आणि यकृताचा व्हायरस हे दोन्ही एकाच गावात, एकाच घरात, कित्येकदा एकाच माणसात कसे काय राहतात, आणि एकत्र असले की माणूस इतक्या लवकर का ढासळतो. एकट्या डॉक्टरला त्याचं उत्तर सापडत नव्हतं, एकट्या गोगलगायवाल्यालाही नाही. म्हणून तिघं एका गाडीतून हिंडत होते.

आणि दारं उघडायला चौथी लागत होती. ती इन्शिराह.

"दोन्ही नावं सांगायची हं, ऊम करीमान," नग्वांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "बिल्हार्झिया आणि व्हायरस. लपवून रक्त घ्यायचं नाही."

पहिल्या घरी तिने दोन्ही नावं घेतली. बाई म्हणाली, नवऱ्याला विचारते, आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या घरी बाईने दार लावण्याआधी कानाला हात लावले. तिसऱ्या घरी तर पुरुषच बाहेर आला, म्हणाला, "माझ्या घरात तो रोग आहे असं कोण म्हणतं? नाव सांग." व्हायरस म्हणजे पोट फुगून मेलेला शेजारी, व्हायरस म्हणजे सौदीहून परत धाडलेला पोरगा, व्हायरस म्हणजे न खपणाऱ्या मुली. बिल्हार्झिया म्हणजे आपला कालवा.

चौथ्या दारात इन्शिराहने एक नाव गाळलं.

दार उघडलं. मग पुढचं. मग सगळी गल्ली. बायका आपणहून बाह्या वर करून येऊ लागल्या, कारण बिल्हार्झियाच्या गोळ्या जागच्या जागी हातावर पडत होत्या. सुई टोचायच्या आधी डॉक्टर वग्दी नेमाने सगळं वाचून दाखवत, दोन्ही नावांसकट. पण ते शहरी, कागदावरचं बोलणं शुक्रवारच्या भोंग्यासारखं कानावरून जाई. बायका माना डोलवत नि अंगठा उठवत. रायदाने सांगितलंय ना, मग झालं. "तुमच्यामुळे गाव उघडलं," डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले, तेव्हा इन्शिराहने झग्यावरची नसलेली धूळ झटकली होती.

सनियाचं दार त्यातलंच. सनियाने तर कारणही विचारलं नव्हतं. "तू म्हणतेस ना, घे," म्हणून हात पुढे केला होता आणि दुसऱ्या हाताने कोंबड्यांना हुसकत राहिली होती.

स्वतःच्या घराचं मात्र इन्शिराह पुढे ढकलत गेली. आज सासूला ताप आहे. आज नवरा बाजारला गेलाय. ती त्यांच्यातलीच, म्हणून कुणी तगादा लावला नाही.

त्याचं कारण दारासमोर रोज पहाटे उभं असायचं. नवऱ्याची, मुतवल्लीची हातगाडी, तिच्यावर मुदम्मसची हंडी. राखेत रात्रभर शिजलेले वाल, वर जवसाचं तेल, जिरं, लिंबू. शेतावर निघालेले गडी, शाळेची पोरं, मास्तर, सगळे मुतवल्लीच्या हंडीभोवती उभ्या उभ्या खायचे. पलीकडच्या गावात एक तळणवाला होता. त्याला व्हायरस आहे अशी नुसती कुजबूज झाली आणि त्याची कढई थंडावली ती कायमची. खाण्यापिण्याने हा रोग लागत नाही हे इन्शिराह दहा घरी सांगून आली होती. पण सांगणं वेगळं आणि आपल्या दाराशी ती गाडी उभी करणं वेगळं.

दुसरंही एक कारण होतं. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

शाळेत असताना बिल्हार्झियाची इंजेक्शनं द्यायला माणसं यायची. पटांगणात रांग लागायची. एका स्टोव्हवर पातेलं, पातेल्यात काचेच्या पिचकाऱ्या. पाण्याला उकळी यायच्या आतच ती पिचकारी बाहेर निघायची, कारण पोरं शंभर आणि पिचकाऱ्या थोड्या. औषध शिरेत जाताना तोंडाला कडू धातूची चव यायची, उलटी व्हायची. इन्शिराह सुईला फार भ्यायची. दर वेळी ती सनियाला पुढे ढकलायची. "तू आधी जा, मग मी." सनिया सहा-सात वर्षांची, तोंड घट्ट मिटून पुढे व्हायची. तिच्या शिरेतून निघालेली सुई कापसाने पुसली जायची आणि इन्शिराहच्या शिरेत जायची.

सनियाच्या रक्तात काय निघालं, हे डॉक्टरांनी गाडीत बसता बसता सांगितलं, तेव्हा इन्शिराहचा हात आपोआप स्वतःच्या कोपरापाशी गेला होता. कोपराच्या आत, जिथे शीर असते तिथे.

*

त्या दिवशी भाकऱ्या आटोपून ती केंद्रावर गेली तेव्हा तिघं भिंतीवरच्या नकाशापुढे वाद घालत होते. गावातलं प्रत्येक घर म्हणजे एक चौकट. किडा सापडला तिथे निळा ठिपका, व्हायरस सापडला तिथे लाल.

"पाण्याजवळ निळे दाट," लबीब म्हणाले. "माझ्या गोगलगायी खोटं बोलत नाहीत."

"तुमच्या गोगलगायी रक्तात व्हायरस सोडत नाहीत, लबीब," डॉक्टर वग्दी म्हणाले.

"मी कुठे म्हटलं सोडतात? पण मग लालही पाण्याजवळच दाट का, ते तुम्ही सांगा. व्हायरस पोहतो का?"

"वय बघा," नग्वा म्हणाल्या. त्या खिडकीत बसून पेरू खात होत्या. "पोरांना निळे आहेत, लाल जवळजवळ नाहीतच. कालवा तोच, पोरं दिवसभर त्यातच. मग मोठ्यांना असं काय मिळालं जे पोरांना मिळालं नाही?"

शंका तिघांनाही होती. आज ती भिंतीवर दिसत होती, एवढंच.

"सुया," डॉक्टर शेवटी म्हणाले. "जो पाण्याच्या जवळ, त्याला किडा जास्त. ज्याला किडा जास्त, त्याला इंजेक्शनं जास्त. आणि ज्याला इंजेक्शनं जास्त..." त्यांनी चष्मा काढला. "पोरांच्या वेळेपर्यंत गोळ्या आल्या होत्या. सुया टोचल्या तेव्हा व्हायरसचं नावही कुणाला माहीत नव्हतं. दोष कुणाला द्यायचा?"

इन्शिराह चहा ओतत होती. दोष कुणाला द्यायचा, हा प्रश्न त्यांना अवघड वाटत होता. तिला नव्हता. रांगेतल्या सुईचा दोष तिचा नव्हता, हे तिला कळत होतं. पण चौथ्या दारात गाळलेलं नाव कुठल्या सरकारी माणसाने गाळलं नव्हतं.

"ऊम करीमान," नग्वा म्हणाल्या, "दारं पुन्हा बंद व्हायला लागलीत. आज तीन घरांनी आम्हाला घरात असून ‘घरात नाही’ सांगितलं. काय झालं?"

"कापसाची खुरपणी चाललीय. बायका शेतावर असतात."

"मला वाटतं आपली गाडी." नग्वांनी पेरूचा देठ खिडकीबाहेर टाकला. "पहिल्यांदा आपण सगळ्यांकडे गेलो. दुसऱ्यांदा फक्त वाईट बातमी असलेल्यांकडे. ज्याच्या दारात गाडी, त्याच्या घरात रोग. त्यांच्या दारावर आपणच खूण केली. आता एकच करता येईल. सगळ्याच घरी दुसऱ्यांदा जायचं. ज्यांचं चांगलं आलंय त्यांच्याकडेही, तितकाच वेळ बसायचं, चहा प्यायचा."

"उघडणार कोण?" लबीब म्हणाले. "सुरुवात कुठून करणार?"

 नग्वांनी इन्शिराहकडे बघितलं. त्या बघण्यात आरोप नव्हता, नुसती आशा होती, आणि ती जास्त बोचली. इन्शिराहने पेले गोळा केले. नळाखाली धुतले. धुतलेलेच पुन्हा एकदा धुतले.

*

संध्याकाळच्या आत ती हाज्जा दौलतच्या घरी गेली. काहीतरी केल्याशिवाय तिला चैन पडेना. डॉक्टरांनी स्वतः सांगितलं होतं, रावयाचं रक्त स्वच्छ आहे. तेवढं सांगावं, पोरीचं लग्न वाचवावं, मग सनिया परात घेऊन परत येईल. असं तिने मनाशी ठरवलं होतं.

हाज्जा दौलतने तिला आतल्या बैठकीत नेलं. तिथे फ्रीज होता, त्याच्यावर जाळीचा रुमाल, रुमालावर मक्केहून आणलेली घड्याळाची मशीद. चहात पुदिना घातलेला होता. मान चांगला मिळत होता.

"रावया चांगलीच आहे गं," हाज्जा म्हणाली. "मी कुठे नाही म्हणते? पण आईच्या हातचं खाऊन वाढली ना?"

"ते खाण्याने लागत नाही, हाज्जा. आणि रावयाचं रक्त तपासलंय. तिला काही नाही."

"तू शिकलेली आहेस, तुला पटतं. गल्ली शिकलेली नाही. उद्या नातवंडाला सर्दी झाली तरी लोक म्हणतील, आजीकडून आली." हाज्जाने तिच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. "तुझ्या दाराशी आली होती का गाडी? दुसऱ्यांदा?"

"नाही."

शब्द खरा होता. त्याहून मोठं खोटं इन्शिराह आयुष्यात बोलली नव्हती.

"बघ. मला वाटलंच." हाज्जा जवळ सरकली. "मी काल आमच्या तल्अतच्या बापाला म्हटलं, पलंग आला, कपाट आलं, पोरगा तयार आहे. दोघी पोरींचं घराणं एकच, आजोबा एकच. ऊम करीमानच्या घरचं सगळ्यांचं रक्त बघून झालंय, बाकी गावात कुणाची खात्री देता येते आता? करीमान माझ्या डोळ्यांपुढे वाढली. सनियाकडून सोनं परत आलं की त्याच बांगड्या हिच्या हातात. बाहेर जायला नको."

इन्शिराहच्या तोंडात बिस्किटाचा तुकडा होता. तो भिजून पीठ झाला. आत्ता बोलायचं, असं तिच्या मनात आलं. आमच्या घरचं रक्त कुणी बघितलेलंच नाही, हाज्जा. सात-आठ शब्द फक्त.

"करीमानच्या बापाला विचारते," ती म्हणाली.

परत येताना सनियाच्या दारावरूनच यावं लागत होतं. तिने डोक्यावरची ओढणी पुढे ओढली, पावलं उचलली. पण रावया उंबऱ्यावरच बसलेली. हातात सुई-दोरा, मांडीवर उशीचा अभ्रा. अभ्र्यावर दोन अक्षरं अर्धी भरलेली, तिचं नि तल्अतचं.

"खाला! हाज्जाकडून आलीस ना? मी बघितलं तुला जाताना." पोरीचा चेहरा उजळला होता. "आई चिडलीय तुझ्यावर, पण मी तिला म्हटलं, खाला काहीतरी करेल. काय म्हणाली हाज्जा?"

"बोलणं चाललंय."

"मला माहीत होतं." रावया आत गेली नि फडक्यात गुंडाळलेल्या चार भाकऱ्या घेऊन आली. "पलीकडच्या भट्टीवर भाजल्या. त्या बाईची भट्टी काही धड नाहीय, बघ, काठ करपलेत. तरी करीमानला दे. तिला करपलेल्या आवडतात. आईला सांगू नको."

भाकऱ्या अजून कोमट होत्या. इन्शिराहने त्या पोटाशी धरल्या आणि घराकडे चालू लागली. वाटेत दोघी भेटल्या, काही बोलल्या, तिने काही उत्तर दिलं. काय ते तिला नंतर आठवेना. तू आधी जा, मग मी. आयुष्यभर तिने एवढंच केलं होतं. गाव तिला पुढे होणारी म्हणत होतं, आणि ती कुणाच्या तरी पाठीला हात लावून उभी होती. आता तर ढकललेल्या बहिणीच्या पोरीच्या हातातल्या बांगड्याही तिच्याच घरी यायच्या होत्या.

*

बातमी तिच्या आधी घरी पोचली होती. हाज्जा दौलतने शेजारणीकडून पिल्लू सोडून ठेवलं होतं.

बुटक्या गोल टेबलाभोवती सगळे जमिनीवर बसले होते. मध्ये मुलुखियाचं हिरवं कालवण, जुन्या चीजची वाटी, मुळे. तफीदाला तर हसू आवरत नव्हतं. "आरशाचं कपाट! तीन दारांचं! मुलगा झाला नाही म्हणून माझ्या पोराला जन्मभर बोलले लोक, आता बघा म्हणावं."

"आजी, रावयाच्या पलंगावर मी झोपू?" करीमानने हातातला मुळा खाली टाकला. "गेल्या आठवड्यात तिच्याबरोबर जाऊन ती गादी मी दाबून बघितलीय. तिच्यासाठी!"

"मग बरंच झालं, मऊ आहे ना?"

"आजी!"

"पोरीला घाई करू नका," मुतवल्ली म्हणाला. तो शांत माणूस होता, हंडीसारखाच मंद आचेवरचा. त्याने बायकोकडे बघितलं. "स्थळ वाईट नाही, इन्शिराह. सनियाचं झालं ते वाईटच झालं. पण त्यात आपण काय करणार? फक्त एक. रक्ताबिक्ताचं आता कुणी काढू नये. मीही त्या शाळेच्या रांगेत होतो. उगाच कशाला उकरायचं? हंडी चाललीय, चालू दे."

इन्शिराहने फडकं सोडून भाकऱ्या टेबलावर ठेवल्या. काळे पडलेले काठ.

"ह्या कुणाच्या?" तफीदाने चाचपून विचारलं. "आपल्या नव्हेत. करपल्यात."

"रावयाने दिल्यात करीमानला," इन्शिराह म्हणाली.

करीमानने एक भाकरी उचलली, मोडली, आणि न खाता हातात धरून बसली. "आई, एक विचारू? आपलं रक्त कधी दिलं आपण? मला तर कुणी टोचलं नाही."

मुतवल्ली कालवणात भाकरी बुडवता बुडवता थांबला. तफीदा म्हणाली, "मोठ्यांच्या बोलण्यात मधे पडू नये."

"दिलं नाही," इन्शिराह म्हणाली. "कुणीच दिलं नाही. सनियाला मी खोटं सांगून द्यायला लावलं, आणि आपलं झाकून ठेवलं." तिने मिठाची वाटी उगाच इकडची तिकडे केली. मग हात मांडीवर ठेवले. "उद्या सकाळी मी त्या पांढऱ्या गाडीत बसून येणार आहे आणि ती आपल्या दाराशी उभी करणार आहे."

"सकाळी?" मुतवल्ली म्हणाला. "सकाळी हंडी असते. सगळी गल्ली दारात असते. वेडी झालीस का? संध्याकाळी बोलव, मागच्या दाराने..."

"हंडीच्या वेळेलाच, अबू करीमान. लोक असतानाच. आधी माझा हात. मग तुझा, मग करीमानचा, मग अम्मांचा."

"माझा?" तफीदा म्हणाली. "माझ्यात रक्त कुठे उरलंय?"

"असेल तेवढं. आणि रक्त कशासाठी घेतात ते मी मोठ्याने सांगणार आहे, दोन्ही नावं घेऊन. जे निघेल ते निघेल, तेही दारातच ऐकू. तिथून गाडी प्रत्येक घरी जाईल, चांगलं असलं तरी, वाईट असलं तरी. हाज्जा दौलतला निरोप द्या, करीमान तिच्या घरी येणार नाही."

इन्शिराह उठली, कोपऱ्यातल्या घंगाळात भिजत घातलेल्या वालांवर पाणी पुरेसं आहे का ते तिने बघितलं, आणि परत येऊन बसली.

"हंडी नेहमीएवढीच लावा," ती म्हणाली. "कुणी खाल्लं नाही तर आपण खाऊ."